भीतीचं औषध

नारायणशास्त्र्यांनी नाडी सोडली आणि बाळासोचा उजवा हात उलटा करून तळवा उजेडात धरला. करंगळीच्या बुडापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत एक पांढरट वळ आडवा गेला होता. शास्त्र्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हे कशानं?"

"इळा लागला," बाळासोची बायको अंजना म्हणाली.

कृष्णातनं मान वळवून भावजयीकडं पाहिलं. "कवा गं? मला कसं ठावं न्हाई?"

"सुगीत लागला."

शास्त्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "विळ्यानं कापतं," ते म्हणाले. "हे कापलेलं नाही, काचलेलं आहे. काहीतरी जोरानं हातातून ओढलं गेलंय." आणि एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तसा त्यांनी तो हात बाळासोच्या मांडीवर परत ठेवला. पुढं काही विचारलं नाही.

अंजनाला धास्ती बसली ती इथंच. विचारणारा माणूस परवडला, त्याला खोटं सांगता येतं. पण अर्ध्यात थांबणाऱ्याला काय कळलं आणि काय नाही, हे कसं समजायचं?

साताऱ्याच्या त्या पडवीत शिरतानाच तिचं मन उलटं फिरलं होतं. बाकावर एक पोलीस शिपाई बसला होता, मांडीवर काढ्याची बाटली घेऊन. "शास्त्रीबुवांचा हात लय चांगला," तो आपणहून कृष्णातला म्हणाला. "आमचं फौजदारसायेब बी हितलंच औषध घेत्यात." कृष्णातला ते ऐकून भरवसा आला. अंजनाचा होता नव्हता तेवढा गेला.

बाळासो संक्रांतीपासून बोलत नव्हता. उसाला पाणी लावून पाटाच्या कडेला उभा राहायचा तो उभाच. सरी भरून फुटायची, पाणी शेजाऱ्याच्या रानात जायचं, पण गडी खोऱ्याला हात लावायचा नाही. भाकरीचा घास तोंडात घ्यायचा आणि गिळायचं विसरायचा. गावानं आपापल्या परीनं निदान केलं होतं. कुणी म्हणालं, बाहेरचं लागलं. कुणी म्हणालं, बायकोनं काहीतरी चारलं. गावाला अशा वेळी बायको फार सोयीची असते. म्हाताऱ्या धोंडुबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या, आणि बाळासो होता तसाच राहिला. शेवटी कृष्णातनं गाडी जुंपली. हा थोरला भाऊ पलटणीत नाईक होऊन, गुडघा मोडून गेल्या दिवाळीला घरी आलेला. कुठल्याही दुखण्याला वरचा साहेब असतो आणि त्याच्यापुढं जाऊन उभं राहिलं की निकाल लागतो, अशी त्याची समजूत होती.

"कफाचा उन्माद," शास्त्री त्याला सांगत होते. "कमी बोलणं, कमी खाणं, एका जागी उभं राहणं, एकटं बसावंसं वाटणं. लक्षणं सरळ आहेत. पण दोष वेगळा आणि मूळ वेगळं. मनाच्या दुखण्याचं मूळ कफात नसतं."

"मग कशात असतंय?"

"प्रज्ञापराधात."

"आमास्नी उमजंल असं बोला, बुवा."

"बुद्धीचा गुन्हा. हे करू नये असं माणसाला आतून कळत असतं, तरी तो करतो. मग धीर सुटतो. आठवण जागेवर राहत नाही. योगी याला क्लेश म्हणतात, ते पाच मोजतात. पहिला अविद्या, म्हणजे खोट्यालाच खरं धरून बसणं. शेवटचा जिवाची भीती. ती शहाण्यालाही सुटत नाही."

कृष्णातला राग आला. "आवं, आमच्या बाळासोनं कसला गुन्हा केलाय? मुंगी चिरडली तर चुकचुकतोय त्यो."

"केला, असं मी कुठं म्हटलं?" शास्त्री म्हणाले, आणि ब्राह्मीचं तूप काढायला उठले. उठताना त्यांनी अंजनाकडं पाहिलं. निदान तिला तरी तसं वाटलं.

तो वळ विळ्याचा नव्हता. बेचाळीसच्या भादव्यात एका पहाटे बाळासो घरी आला तेव्हा त्याचा हात फडक्यात गुंडाळलेला होता. अंजनानं हळद भरली, फडकं बदललं, काय झालं ते विचारलं नाही. उजाडल्यावर कळलं, कोरेगावच्या वाटेवरची तारायंत्राची तार रात्रीत कुणीतरी ओढून तोडली. दुपारी फौजदार आला. त्यानं सगळे बापये चावडीपुढं उभे केले आणि एकच सवाल केला, काल रात्री घराबाहेर कोण होतं? कुणी बोलेना. मग तो बाळासोपुढं येऊन थांबला. बाळासोनं जखमेचा हात पाठीमागं घेतला आणि म्हणाला, "जोतिबा पाण्यावर व्हता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ओढ्यापलीकडच्या जोतिबाची त्या रात्री पाटाच्या पाण्याची पाळी होती. फौजदाराला एक माणूस हवा होता, तो मिळाला. पाळीवरचा माणूस पाणी सोडून दोन मैल लांब तार तोडायला जात नाही, हे तिथं उभ्या असलेल्या पोराटोरालाही कळत होतं. शंभर माणसं आपापली पायताणं बघत राहिली. घरी जाऊन भाकरी खाल्ली. भारतमातेचा जयजयकार करणारं हेच गाव. संक्रांतीच्या आदल्या दिवशी जोतिबाला दोन वर्षं सक्तमजुरी झाल्याची बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ देताना बाळासोच्या तोंडून शब्द फुटला नाही. तो आजतागायत.

हे एवढं अंजनाला माहीत होतं आणि तिनं ते गिळलं होतं. तिला नवरा बरा व्हायला हवा होता. पण त्याचं तोंड उघडायला नको होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा मिळणार, हा विचार तिनं कधी शेवटाला नेला नाही. म्हणून तर तिला वैद्याचा संशय. जो माणूस मुळाशी जाऊ म्हणतो, त्याला मुळाशी काय मिळालं तर तो ते कुणाला नेऊन देणार? पडवीत शिपाई बसलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

महिनाभर तूप झालं, नाकात थेंब झाले, टाळूवर तेलाची धार झाली. शास्त्र्यांनी प्राणायाम सांगितला होता, तो कृष्णातनं कवायतीसारखा करून घेतला. सकाळी भावाला अंगणात बसवून तो ओरडायचा, "सास लेव! छोड! फिर लेव!" बाळासो मुकाट्यानं श्वास घ्यायचा आणि सोडायचा. कुंपणापलीकडची पोरं हसून बेजार. फरक म्हणाल तर एकच पडला, आता तो घास तोंडातही घेईना. अंगावरची पैरण खुंटीवर टांगल्यासारखी दिसू लागली. हा माणूस पाऊस बघणार नाही, हे अंजनाला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या खेपेला कृष्णात बैलांना पाणी दाखवायला गेला आणि ती पडवीत शास्त्र्यांपुढं एकटी राहिली. बाळासो खांबाला टेकून बसला होता. तो नसल्यासारखाच.

"शास्त्रीबुवा, एक इचारू?"

"विचारा की."

"फौजदार तुमच्याकडं येतोय म्हनं."

"येतो. त्याचं पोट बिघडतं."

"मन न्हाई बिघडत त्येचं?"

खलात फिरणारा बत्ता थांबला. शास्त्री तिच्याकडं बघत राहिले. "ते मी त्याला विचारत नाही."

"मग आमालाच का इचारता? आमी काय उघड्यावर पडलोय म्हनून?"

कुणब्याच्या बाईनं असं तोंडावर बोलावं ही सवय त्या पडवीला नव्हती. शास्त्र्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "तुम्ही बोललात त्यात चूक नाही. त्याला विचारायची माझी छाती नाही." आणि पुन्हा खल घोटू लागले. "पण तुमच्या माणसानं काय केलं हे मला कळायची गरज नाही, बाई. शास्त्र एवढंच विचारतं, कळत असून केलं का?"

"आन कळत असून काईच केलं न्हाई तर? नुसतंच गप ऱ्हायलं तर?"

"तेही त्यातच येतं."

अंजनानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. हा माणूस गोड बोलून गाठ सोडवतोय, तिच्या मनात आलं. आपण आत्ता काय बोलून बसलो? तेवढ्यात कृष्णात आला म्हणून बरं झालं.

"बुवा, आता आखरीचं सांगा," तो म्हणाला. "हाय का काय विलाज?"

"एक आहे. ग्रंथात सांगितलाय, मी कधी केलेला नाही." शास्त्र्यांनी आवाज खाली आणला. "त्याला त्रासन म्हणतात. रोग्याला एकदम जिवाचं भय दाखवायचं. राजाचे शिपाई येतात, त्याला बांधतात, गावाबाहेर नेतात, राजाज्ञेनं तुझा वध करणार म्हणतात. शरीराच्या दुःखापेक्षा जिवाचं भय मोठं. ते आलं की विखुरलेलं मन एका जागी गोळा होतं. मग त्याला धीर द्यायचा, सोडवायचं."

"आन त्यो भ्येनं मेला तर?" अंजना म्हणाली.

"असा तरी किती दिवस जगणार आहे?" हे कृष्णात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच वेळी त्याचं डोकं कामाला लागलेलं दिसत होतं. "राजा तर हितं न्हाई. पोलीस चालंल का?"

गाडीत परत येताना तो सारखा बोलत होता. पाटणकडचा गुंडा नावाचा शिपाई, त्याच्या हाताखाली होता पलटणीत, आता रजेवर आलाय. बाळासोनं त्याला कधी बघितलेलं नाही. खाकी त्याची स्वतःचीच. आवाज असा की खेचर दबकून उभं राहावं. "ओढ्याजवळ न्हेऊ. शास्त्रीबुवा करंजाखाली बसतील. त्ये म्हनतील, सोडा ह्येला, म्या जामीन ऱ्हातो. झालं!"

अंजना बैलांच्या पाठी बघत होती. खोटा पोलीस. खोट्या पोलिसाच्या मागनं खरा आला तर? फौजदाराचं पोट आणि ओढ्याकाठचा वैद्य यांचा मेळ आधीच ठरलेला असला तर? भयानं बाळासो बोलला तर काय बोलेल, हे त्या गाडीत तिला एकटीला माहीत होतं. दिराला एक शब्द सांगितला असता तर हे सगळं तिथंच थांबलं असतं. पण सांगायचं म्हणजे हात, हळद, फडकं, चावडी, सगळंच सांगायचं. ती गप्प राहिली. गप्प राहायला आता तिला कष्ट पडत नव्हते, याचीच तिला किळस आली.

तीन दिवसांनी, सकाळच्या न्याहारीच्या वेळेला, गुंडा आला. अंगात खाकी, कमरेला पट्टा, खांद्यावर नवा दोर. अंजनानं नुकतीच भाकरी बाळासोपुढं ठेवली होती. कृष्णात गोठ्याच्या कुडाआड लपला होता आणि कुडातून त्याचं मुंडासं स्पष्ट दिसत होतं.

"बाळासो कोन हाय हितं?" गुंडा गरजला. परड्यातली कोंबडी उधळली. "तारा तोडतोस व्हय रं? सरकारचा हुकूम हाय! न्हेऊन गोळी घालायची!"

अंजनाच्या हातातली परात खाली आली. तारा! हे याला कुणी शिकवलं? मग तिच्या ध्यानात आलं, कुणी शिकवलं नव्हतं. त्या साली पोलीस ज्या कुणाला धरायला येत, त्याला पहिला शब्द हाच ऐकवत.

बाळासोनं वर पाहिलं. खाकीवरून त्याची नजर सावकाश फिरली, पायापासून टोपीपर्यंत. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा तुकडा मोडला. अर्धी भाकरी त्यानं अशी खाल्ली, घाई न करता, आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. गुंडा दोर घेऊन उभाच. पाठ केलेलं बोलणं संपलं होतं.

"धुतल्याली पैरण दे," बाळासो अंजनाला म्हणाला.

चार महिन्यांनी आलेला तो आवाज घोगरा होता, पण थरथरत नव्हता. तिनं पैरण आणून दिली. त्यानं ती घातली, पटका बांधला आणि दोन्ही मनगटं गुंडापुढं धरली.

"लय दिस लावलं, हवालदार," तो म्हणाला. "आता जोतिबाला कवा सोडनार?"

गुंडानं त्या मनगटांवर दोराची गाठ मारली आणि कुडाकडं तोंड केलं. "नाईकसाब, ह्यो तर भ्येत न्हाई! म्होरं काय करायचं?"

कृष्णात कुडाआडून धावत बाहेर आला, लंगडत, हसत, रडत. "बोलला! बोलला रं माझा वाघ! जेवला बी! सोड त्येला गुंडा, सोड. आरं बाळासो, नाटक हाय ह्ये समदं, पलटनीतला आपला गडी हाय ह्यो—"

आणि मग मधेच थांबला. ऐकलेलं त्याला आत्ता पोचलं होतं. "जोतिबा? जोतिबाचं काय हितं?"

बाळासो भावाकडं बघत होता. नाटक हा शब्द त्याच्या चेहऱ्यावर पोचताना अंजनाला दिसला. भाकरी मोडताना डोळ्यांत जे आलं होतं ते मावळायला लागलं. पाटावर उभा असायचा तो माणूस परत येत होता. मनगटं खाली येऊ लागली.

"सोडू नगा," अंजना म्हणाली.

"आगं, पर खोटं—"

"भावजी, दोराला हात लावायचा न्हाई." दिराशी ती या सुरात पहिल्यांदाच बोलत होती. तिनं गुंडाच्या हातातून दोराचं टोक काढून घेतलं. "पोलीस खोटा असंल. गुन्हा खोटा न्हाई. तार ह्येंनी तोडली. मला ठावं हाय. त्या दिशीपास्नं ठावं हाय." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "चला. म्या येते संगं. कोरेगावला."

बाळासोनं तिच्याकडं पाहिलं. मग दोराकडं. तो पाऊल टाकायला लागला तेव्हा कृष्णात वाटेत आडवा झाला. "येडी झालीस का? आत टाकतील त्येला. सडंल तिथं!"

"हितं काय चाललंया मग?" ती म्हणाली. कृष्णात बाजूला झाला आणि लंगडत मागून चालू लागला. काय करावं न कळून गुंडाही निघाला. मधल्या आळीत माणसं दारात आली होती. कुणी काही विचारलं नाही. विचारायची या गावाची रीतच नव्हती.

ओढ्याकाठी करंजाखाली शास्त्री घोंगडीवर बसले होते. दोर बायकोच्या हातात बघून ते उठले.

"काय झालं? भ्याला का?"

"भ्याले व्हते त्ये म्या," अंजना म्हणाली. "ह्ये न्हाईत भ्याले."

कृष्णातनं दोन वाक्यांत सांगितलं. शास्त्र्यांचा चेहरा उतरला. घोंगडी तशीच टाकून ते पुढं आले. "मी येतो बरोबर. फौजदार माझ्या ओळखीचा आहे. माझा शब्द..."

तिनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. अजूनही तिला ठरवता येत नव्हतं, हा माणूस कुणाचा.

"वळखीचा हाय म्हनूनच नगा येऊ," ती म्हणाली. "ह्येंचं बोलनं ह्येंस्नीच बोलू द्या."

शास्त्री जागीच थांबले.

ओढा ओलांडला की वाटेला लागून जोतिबाचं खोपट. त्याची बायको हरणाबाई दारात कडबा तोडत बसली होती. गेल्या सात-आठ महिन्यांत अंजना या बाजूनं पाण्याला आली नव्हती. लांबच्या विहिरीवर जायची. आता ती दोर धरून अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"हरणाबाई, त्या रातीला तार ह्येंनी तोडली. तुमच्या मालकानं न्हाई. आमी कोरेगावला सांगाय चाललोय."

विळा चालायचा थांबला. हरणाबाईनं बाळासोकडं बघितलं नाही. दोर बघितला. मग मागं उभ्या गुंडाचा खाकी कोट बघितला.

"ह्यो कोन?"

"खोटा पोलीस हाय."

"व्हय?" हरणाबाई उठली. लुगड्याला चिकटलेली कडब्याची कुसळं तिनं एकेक करून झाडली. "आन तू सांगतीस त्ये खरं कशावरनं? वाटंतनंच म्हागं फिरलासा, तर मला कोन सांगनार?"

अंजनानं हात पुढं केला आणि दोराचं टोक तिच्यापुढं धरलं.

हरणाबाईनं विळा वळचणीला खोचला. खोपटाचं दार ओढून घेऊन कडी घातली. मग दोर हातात घेतला, तळव्याला दोन वेढे दिले आणि एक हिसका देऊन गाठ बसलीय का ते पाहिलं.

"म्होरं व्हा," ती म्हणाली.